रुसूबाईची दुरुस्ती

चूक एका शब्दाची होती, आणि तो शब्द वहिनींनीच घरात आणला होता.

वहिनी म्हणजे तिथल्या सगळ्यांच्याच वहिनी. नात्याने त्या एकट्या भाऊजींच्या, म्हणजे धाकट्या दिराच्या. पण कुरिअरवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. घर वर होतं, काम खाली. सासरे खालच्या खोलीत कुबड्या बनवायचे. भाऊजींनी शिकून येऊन तिथेच कृत्रिम पायांचं काम सुरू केलं आणि पुढे त्यातलं सगळ्यात किचकट तेवढं हाती ठेवलं, ते म्हणजे सॉकेट. गुडघ्याखाली पाय कापलेला असला की उरलेला भाग ज्या खोलगट पेल्यात बसतो ते सॉकेट. ते नीट बसलं तर माणूस चालतो. नाही बसलं तर कितीही भारी पाय असो, तो दाराआड छत्रीसारखा उभा राहतो.

काम युरोपातल्या एका पुनर्वसन केंद्राचं होतं. तिथे माणसाच्या उरलेल्या पायाचं स्कॅन काढत, भाऊजी इथे बसून पडद्यावर त्याच्यावरून सॉकेटचा आकार घडवत, आणि सॉकेट तयार होई पुन्हा तिकडेच. कुठे दाबायचं, कुठे जागा सोडायची, हे सगळं भाऊजींच्या बोटांत होतं. नडगीच्या धारेवर भार द्यायचा नाही, गुडघ्याच्या वाटीखाली द्यायचा, पोटरीला धरायचं पण आवळायचं नाही. इतकी वर्षं झाली तरी यातल्या एकाही पायाला त्यांचा हात लागला नव्हता. या गोष्टीचं त्यांना अधूनमधून वाईट वाटे, पण ते बोलून दाखवत नसत.

पाय वजा केला तर उरते ती माहिती, आणि माहितीच्या बाबतीत युरोपातली माणसं फार कडक. आपल्या माणसाची माहिती देशाबाहेर द्यायची तर मुलगी देताना करत नाहीत एवढी चौकशी. करार ठरावीक कलमांचा, छापून आलेला, त्यातला एक स्वल्पविरामही हलवायचा नाही. वर आणखी प्रश्न, की तुमच्याकडचा कायदा कसा आहे, तुमचं सरकार उद्या येऊन कपाट उघडा म्हणालं तर काय कराल. स्कॅन तर तिकडच्याच संगणकावर राहत. इथे फक्त पडद्याच्या खिडकीतून दिसत. पण त्यांच्या नियमात दुसऱ्या देशातून बघणं हेसुद्धा नेणंच.

भाऊजींना हे पटायला वेळ लागला. शेजारणीने खिडकीतून डोकावलं म्हणजे तिने आपलं घर नेलं का, असं त्यांनी विचारलं. आपली शेजारीण नेतेच की, असं वहिनी म्हणाल्या, आणि तो मुद्दा तिथे मिटला.

हे सगळं वाचायचं, समजून घ्यायचं आणि खाली काम करणाऱ्या चार माणसांना आपल्या भाषेत समजावून सांगायचं, हे वहिनींकडे. त्या भाषा शिकलेल्या होत्या. लग्नाआधी दोन पुस्तकांचं भाषांतर केलेलं होतं, त्याचा थोडा तोराही होता. करारातल्या एका कलमात म्हटलं होतं की रुग्णाचं खरं नाव कधीच येणार नाही, त्याच्या जागी दुसरी खूण असेल आणि तीच वापरायची. त्या खुणेसाठी वहिनींनी शब्दकोशात पाहिलं, आणि सगळ्यांना बसवून सांगितलं, "खरं नाव वापरायचं नाही. टोपणनाव वापरायचं."

आता टोपणनाव हा शब्द आपल्याकडे काय करतो ते बघा. ज्या माणसाला खऱ्या नावाने गल्लीत कोणी ओळखत नाही, त्याचं टोपणनाव घेतलं की कुत्रंसुद्धा दारापर्यंत नेऊन सोडतं. ओळख लपवायला टोपणनाव देणं म्हणजे गळ्यात घंटा बांधून लपायला पाठवणं. पण तेव्हा हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, वहिनींच्या तर नाहीच. त्यांच्या मनात होता तो केंद्राकडून येणारा आकडा, अक्षरं आणि अंक यांची लांबलचक मालगाडी. भाऊजींनी मात्र शब्द जसा ऐकला तसा घेतला. पडद्यावर आकड्याशेजारी एक रिकामा रकाना होता. त्यात ते आपल्या लिपीत नावं लिहू लागले. टणक पोटरीवाला झाला पैलवान. ज्याचं काम दर खेपेला तातडीचं, तो घाईवाले. एकाच्या उरलेल्या पायाला मधोमध खळी पडे, त्याचं नाव गालखळी. तिकडच्या लोकांना लिपी वाचता येत नव्हती. कामाची काहीतरी खूण असेल असं समजून त्यांनी कधी विचारलं नाही. भाऊजी नावं छान ठेवत, आणि खालच्या खोलीत त्या नावांनी वर्दळ असल्यासारखं वाटे. केंद्रातल्या माहिती सांभाळणाऱ्या बाईंचं नाव त्यांनीच कुलूपबाई ठेवलं होतं.

आणि एक होती रुसूबाई.

तिच्याबद्दल माहीत होतं ते एवढंच, की बाई आहे, पाय उजवा, वजन अमुक. वयसुद्धा येत नसे. कामाला लागेल त्याहून जास्त माहिती पाठवायची नाही, हाही तिथला नियम. सॉकेट तयार झालं की ते घालून बघितल्यावर केंद्राकडून फक्त एक शब्द येई, समाधानी किंवा असमाधानी. रुसूबाईचा शब्द दर वेळी असमाधानी. पहिलं सॉकेट परत, दुसरं परत, तिसरंही परत. भाऊजींनी चिडायला हवं होतं, पण त्यांना उलट ती आवडू लागली. "आली का रुसूबाई," म्हणून ते खुर्ची पुढे ओढत, आणि तिची मनधरणी करत. म्हणजे काय, तर सगळीकडून थोडं थोडं सैल करत. एवढं सैल केल्यावर कोणाचा रुसवा टिकतो? हिचा टिकत होता.

तिचं नवं स्कॅन आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूपबाईंचा निरोप आला. आपल्याबद्दलची सगळी माहिती दाखवा, असं म्हणायचा हक्क तिकडे प्रत्येक रुग्णाला आहे. एका बाईंनी तो वापरला होता. त्यांना सगळ्याची प्रत दिली, आणि त्या प्रतीत एक शब्द निघाला जो त्यांना वाचता येत नव्हता. तो काय आहे, असं त्या विचारत होत्या. त्याचा अर्थ कृपया कळवावा. खाली आकडा होता, आणि आकड्याशेजारी भाऊजींचं ठसठशीत रुसूबाई.

तो रकाना वहिनींनी आजवर कधी उघडून बघितला नव्हता. त्या भाऊजींच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. एरवी हसल्या असत्या. ज्याच्या पोटरीला आपण पैलवान म्हणतो तो त्याच्या गावात एकच पैलवान असेल, हे त्यांना तिथे बसल्याबसल्या लख्ख दिसलं. नाव गाळून पाठवलेल्या माणसांना इथे पुन्हा नावं मिळाली होती, आणि त्याला जबाबदार त्यांचा शब्दकोश होता.

भाऊजींनी साधा उपाय सुचवला. एक बटण दाबलं की रकाना कोरा. वहिनी म्हणाल्या की विचारल्यावर पुसणं म्हणजे चोरी. मग भाऊजी म्हणाले की निदान अर्थ तरी गोड कळवा, ताई म्हणा, लाडकी म्हणा, कोण बघायला येणार आहे.

"एकदा मी शब्द चुकीचा निवडला, तो चुकून," वहिनी म्हणाल्या. "हा मुद्दाम निवडू का?"

केंद्राने दार लावलं तर काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. खालची खोली त्या एका कामावर चालत होती. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. आणि ती रुसलेली बाई नव्या सॉकेटची वाट बघत होती ते वेगळंच. तरी वहिनींनी खरं तेच लिहिलं. रुसणं म्हणजे नुसतं चिडणं नव्हे, हे त्यांनी चार ओळींत समजावायचा प्रयत्न केला. माणूस परक्यावर चिडतो, रुसतो आपल्या माणसावर; समजूत काढायला कोणीतरी येईल ही खात्री असते तेव्हाच रुसतो. शब्द मायेचा आहे, पण तो लिहायला नको होता. त्याखाली त्यांनी बाकीच्या रकान्यांचंही सगळं सांगून टाकलं, आणि ही चूक आपल्या भाषांतराची आहे असं स्वच्छ लिहिलं.

उत्तर त्याच दुपारी आलं. कुलूपबाईंनी रागाचा एकही शब्द लिहिला नव्हता, हेच जास्त बोचलं. चौकशी होईपर्यंत खिडकी बंद, एवढंच. भाऊजींच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा पाय नाहीसा झाला. जाता जाता कुलूपबाईंनी विचारलं होतं की या माहितीची तुमच्याकडे आणखी कुठे प्रत आहे का. भाऊजी म्हणाले, डोक्यात आहे, ती कशी पुसायची तेवढं त्यांना विचारा. वहिनींनी ते विचारलं नाही.

मग ते दिवस आले ज्यांत करायला काही नसतं आणि प्रत्येक जण कामात असल्याचं दाखवतो. भाऊजींनी सासऱ्यांच्या वेळची हत्यारं घासून ठेवली. चार माणसांनी एकच खोली आळीपाळीने झाडली. वर सासूबाईंनीही नेमका तोच मुहूर्त साधला. त्या कोणाशी बोलेनाशा झाल्या. जेवण मागवून घ्यायच्या, खोलीतच जेवायच्या, आणि दार लोटून घ्यायच्या. दुष्काळात तेरावा महिना, असं वहिनींचे यजमान म्हणाले, आणि ते आपल्या कामावर निघून गेले, कारण अशा वेळी त्यांना नेहमीच काम असे.

आठवडा उलटल्यावर कुलूपबाईंचं टपाल आलं. त्यात त्यांचं स्वतःचं एकच वाक्य होतं, की रुग्णाने दुसरा हक्क वापरला आहे. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा. खाली त्या बाईंचं लेखन जसंच्या तसं जोडलं होतं, त्यांच्या संमतीने. वहिनींनी ते उभ्याउभ्याच आपल्या भाषेत करून भाऊजींना वाचून दाखवलं.

"शब्दाचा अर्थ कळला. समजावून सांगितलंत, आभार. पण नोंद चुकीची आहे. मी रुसले नव्हते. दुखत होतं. दर वेळी सैल करून आलं की जास्त दुखायचं. कृपया दुरुस्ती करावी."

भाऊजींना आधी राग आला. आपण एवढ्या मायेने केलं आणि वर हे, असं काहीतरी ते पुटपुटले. मग ते उठून मोरीत गेले, आणि वहिनींना नळ वाहताना ऐकू आला. परत आले तेव्हा तोंड ओलं होतं. त्यांनी तो कागद स्वतःच्या हातात घेतला, जरी ते पत्र ज्या भाषेत होतं ती त्यांना वाचता येत नव्हती.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "सैल केल्यावर जास्त?"

"जास्त."

"मग ती आत रुतत होती, वहिनी." त्यांनी एका हाताची मूठ केली आणि दुसऱ्या हाताचा पेला करून त्यात घातली. पेला सैल केला तशी मूठ खाली सरकली आणि तळाला टेकली. "वरून कोणी धरलेलंच नाही. सगळा भार टोकावर. टोकाला ते नडगीशेजारचं बारीक हाड. मी सैल करतोय आणि ती खाली जातेय. दर वेळी आणखी खाली."

वहिनींना त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. पहिल्याच खेपेला नाव न ठेवता आपण विचारलं असतं, असमाधानी म्हणजे काय, कुठे, कधी, तर उत्तर कदाचित आलंही असतं. पण रुसूबाईला कोण विचारतं, काय झालं म्हणून? तिची समजूत काढतात. नाव पडलं आणि प्रश्न संपला. तिचे स्वतःचे शब्द त्या सगळ्या कलमांतून आजवर एकदाही इकडे आले नव्हते. आले ते तिने हक्काने ढकलले तेव्हा.

त्या संध्याकाळी वहिनी वर गेल्या त्या सरळ सासूबाईंच्या खोलीत. इतके दिवस ताट आत पाठवणारं घर, एकाने तरी विचारलं होतं का? त्या पलंगाच्या कडेला बसल्या, सासूबाईंचा हात हातात घेतला, आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या, "आई, कुठे दुखतंय का तुम्हाला?"

सासूबाईंनी हात काढून घेतला. "दुखत कुठे काही नाही. रुसलेय मी."

"कशावरून?" वहिनींनी विचारलं.

"ह्यांची हत्यारं घासायला काढली," सासूबाई म्हणाल्या, "तर मला बोलवायचं नाही? चाळीस वर्षं ती कोण घासत होतं?"

तेव्हा कधीकधी माणसं नुसती रुसलेलीही असतात, हेही खरं. पण ते विचारल्यावर कळतं. दुसऱ्या दिवशी सासूबाई खाली आल्या, भाऊजींनी घासलेली सगळी हत्यारं त्यांनी पुन्हा घासली, आणि आधी ती किती वाईट घासली होती ते चारही माणसांना एकेकदा सांगितलं.

वहिनींनी मग कुलूपबाईंना पडद्यावर गाठलं. त्यांच्याशी समोरासमोर बोलायची ही पहिलीच वेळ. कुलूपबाई अपेक्षेपेक्षा लहान निघाल्या, आणि त्यांना सर्दी झाली होती. वहिनींनी कबुलीजबाब लांबवला नाही. काय केलं ते सांगितलं: माणसांना पुन्हा बसवलं, आणि या खेपेला टोपणनाव हा शब्द न वापरता नुसतं आकडा म्हटलं. शेवटी त्यांनी एक मागणं मागितलं. तुमच्या नियमाने नाव येत नाही ते बरोबर, वय येत नाही तेही बरोबर. पण असमाधानी या एका शब्दाने एक बाई वर्षभर दुखणं काढत राहिली. रुग्णाची तयारी असेल तर त्याच्या दुखण्याबद्दलचे त्याचे चार शब्द येऊ द्या. ते कामाला लागतात, शोभेचे नाहीत.

कुलूपबाईंनी लगेच होकार दिला नाही. असं काही वाढवायचं तर वरच्यांना विचारावं लागेल, कराराला जोडून लिहावं लागेल, त्या शब्दांतून ओळख तर फुटत नाही ना हे दर वेळी कोणीतरी तपासावं लागेल. वहिनी म्हणाल्या, लागू दे. कुलूपबाईंनी नाक पुसलं आणि विचारलं की त्या शब्दात, रुसण्याच्या, खरंच समजूत काढणारा माणूस धरलेला असतो का. वहिनी हो म्हणाल्या. असा शब्द आमच्याकडे नाही, असं काहीसं बोलून कुलूपबाईंनी पडदा बंद केला.

खिडकी उघडली ती पुढच्या आठवड्यात. रकान्याची जागा आता करड्या पट्टीने झाकलेली होती, तिथे काही लिहिताच येत नव्हतं. भाऊजींनी बाकीची कामं बाजूला सारली आणि पहिला तो उजवा पाय उघडला. त्यांनी जे केलं ते बघताना वहिनींनाही बरं वाटलं नाही, कारण दुखणाऱ्या बाईचं सॉकेट ते आवळत होते. गुडघ्याच्या वाटीखाली आवळलं, पोटरीच्या दोन्ही अंगांना आवळलं, आणि खाली, बाहेरच्या बाजूला, त्या बारीक हाडाच्या टोकाला बोराएवढी जागा सोडली. आकार पाठवून दिल्यावर ते जेवायला वर गेले नाहीत. चुकलं तर या खेपेला तिला आपल्यामुळे दुखेल, आणि ते आपल्याला माहीत असेल, असं ते म्हणाले.

पंधरा दिवस काही आलं नाही. वहिनी रोज सकाळी चहाआधी बघत आणि भाऊजी त्यांच्याकडे न बघता विचारत, काही? मग एका सकाळी आलं. समाधानी-असमाधानी असं काही नव्हतं. त्या जागी चार ओळी होत्या. वरच्यांनी परवानगी दिली होती तर. वहिनींनी वाचलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले. एकटी. परत येताना दुखलं, पण वर, गुडघ्याखाली. टोकाला नाही."

दुखलं हा शब्द ऐकून भाऊजी खट्टू होतील असं वहिनींना वाटलं होतं, पण ते खुर्चीत मागे रेलले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"वर दुखतंय," ते म्हणाले. "वरचं मला काढता येतं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तोंडातून 'आली का' एवढं निघालं आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला. मग त्यांनी स्कॅन उघडायला आकडा टाइप केला, ती अक्षरं आणि अंकांची लांबलचक मालगाडी, शेवटच्या डब्यापर्यंत, कागदाकडे एकदाही न बघता.

वहिनींनी ते पाहिलं. आकडा कोणाला पाठ होऊ नये असं करारात कुठे लिहिलंय का, हे त्यांनी मनातल्या मनात तपासून बघितलं. मग त्या चहा ठेवायला वर गेल्या.